हापशाचा दुसरा नट

नट या वस्तूबद्दल माझ्या मनात आज जो आदर आहे तो जन्मजात नाही. तो मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, भर उन्हात, बत्तीस कुटुंबांच्या देखत प्राप्त झाला. त्याआधी मी नटाकडे फक्त नग म्हणून पाहत असे. सरकारी भांडारपालाला जगातली प्रत्येक वस्तू नग म्हणूनच दिसते, त्याला इलाज नाही. आमच्या लग्नात आहेराची भांडी आली तेव्हा मी सासऱ्यांना रीतसर पोच लिहून दिली होती. आमच्या सौभाग्यवती रुद्राणी ती गोष्ट अजून चारचौघांत सांगतात.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कार्यालयं आली, नव्या पाट्या आल्या आणि आमच्यासारखे बदली होऊन आलेले नवे लातूरकर आले. पाऊस तेवढा आला नाही. ते सलग दुसरं वर्ष होतं. आमची बत्तीस क्वार्टरची कॉलनी गावाबाहेर होती. घराघरांत नळ होते, पण ते बहुधा भिंत रिकामी दिसू नये म्हणून बसवलेले असावेत. टँकर पाचव्या दिवशी येई, तोही त्याच्या मनात असलं तर. मधले दिवस कॉलनी जगत होती ती एका हापशावर. बत्तीस घरांचा स्वयंपाक, धुणं आणि अब्रू त्या एका लोखंडी दांड्याला लटकलेली होती.

एका रविवारी दोन बादल्या घेऊन मी रांगेत उभा होतो. रांगेत माणसाला दोनच उद्योग असतात, पुढच्याच्या घागरी मोजणे आणि हापशाचं निरीक्षण करणे. माझा नंबर तेरावा असल्याने निरीक्षण सखोल झालं. दांडा ज्या आसावर वरखाली होतो, त्या आसाच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि आट्यांवर नट बसवलेला असतो. इथं मात्र एक नव्हे, दोन नट होते. एकाला एक खेटून! मी चारपाच जणांना विचारलं की हा दुसरा नट कशासाठी? कुणालाच सांगता येईना, आणि घागरी सोडून नटाकडे बघायला कुणाला सवडही नव्हती. बावीस वर्षं भांडारात घालवलेल्या माणसाच्या डोळ्यादेखत एका आसावर दोन नट बसलेले, आणि देशात दुष्काळ! रांग पांगल्यावर मी घरून पाना आणला, बाहेरचा नट काढला, आणि सोमवारी कार्यालयात नेऊन ‘जादा साहित्य’ या सदराखाली जमा केला.

नियमाप्रमाणे जादा साहित्य मुख्य भांडारात जातं. आमच्या नव्या जिल्ह्याचं मुख्य भांडार मंजूर होतं, पण बांधलेलं नव्हतं. त्यामुळे आमच्या खात्याचं सगळं जादा साहित्य अजून जुन्या जिल्ह्याच्या भांडारात जात असे. नटही गेला. जीपमधून, तीन प्रतींतल्या पोचपावतीसह. मी ही गोष्ट कॉलनीत कुणाला सांगितली नाही. चांगलं काम केल्यावर गवगवा करू नये असं आमचे वडील म्हणत.

अकराव्या दिवशी सकाळी शेजारच्या केवळाबाईंचा आवाज आला. “अप्पा! ओ अप्पा! दांडा हातात आला की हो माझ्या!”

केवळाबाईंचे मालक खात्यात ड्रायव्हर, गावाकडे थोडी शेती. थोरली लेक पारू बाळंतपणाला आलेली, बाळ नऊ दिवसांचं. ज्या घरात बाळंतीण असते त्या घराला पाणी किती लागतं हे मी सांगायला नको. आम्ही धावलो. उरलेला एकुलता नट गळून पडला होता, आस बाहेर सरकला होता आणि दांडा आडवा झाला होता. नट सांडपाण्याच्या चरात गेला असणार म्हणून अर्ध्या कॉलनीने चिखल उपसला. चिखलातून दोन चमचे, एक जोडवं आणि कॉलनीतल्या धोंडप्पा गुरुजींचा हरवलेला चष्मा निघाला. नट निघाला नाही.

आता खरं तर मी गप्प राहायला हवं होतं. पण सगळे “आता कसं?” म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. मी मोठ्याने म्हणालो, “काळजी करू नका. मी आहे ना. दोन दिवसांत हापसा सुरू होईल.”

घरी आल्यावर रुद्राणी म्हणाल्या, “तुम्ही कामून बोललाव? इतकी माणसं होती, एकाला तरी बोलू द्यायचं की.”

खरं कारण त्यांनाही सांगितलं नाही.

पहिला उपाय सरळ होता. गेलेला नट परत मागवणे. मी जुन्या जिल्ह्याच्या भांडाराला तातडीचं पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, ते मी अजून जपून ठेवलं आहे. त्यात म्हटलं होतं की सदर नट हा जिल्हा विभाजनानंतर जमा झालेला असल्याने दोन्ही जिल्ह्यांची सामाईक मालमत्ता ठरतो. त्याचं समान वाटप होणं आवश्यक आहे. तथापि तो एकच नग असल्याने समान वाटप शक्य नाही. तरी आपण आपल्याकडून आणखी एक नट त्वरित जमा करावा, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांना एकेक देता येईल.

मी हे पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला भीती वाटली, कारण मला ते पटायला लागलं होतं. त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

पत्राची वाट बघण्यात दोन दिवसांचे चार झाले होते, म्हणून मी बाजारातून नट आणला. दुकानदाराने विचारलं, “सुती पायजे का एमएम?” आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जुनं माप. एमएम म्हणजे नवं. आपला आस कोणत्या मापाचा हे मला ठाऊक नव्हतं. पण भांडारपाल दुकानदाराला ‘माहीत नाही’ कसं म्हणणार? मी भारदस्त आवाजात म्हणालो, “मजबूत असेल तो द्या.” त्याने चार सुती दिला. तो आसावर चढला, दोन फेरे फिरला आणि अडला. मी पान्याला लांब नळी लावली आणि सगळा जोर काढून आणखी दोन फेरे फिरवला. आतून करकर आवाज आला. नवा नट आहे, जरा कुरकुरणारच, असं मी जमलेल्या मंडळींना समजावलं.

पाणी आलं! संध्याकाळपर्यंत माझी कॉलनीत जी प्रतिष्ठा होती, ती मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि पुढेही मिळण्याची चिन्हं नाहीत. साडेसहाला धोंडप्पा गुरुजी हापसत होते. गुरुजी उदगीरकडचे, मुलगा आमच्या खात्यात, स्वतः शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त. नट सुटला, दांडा सुटला आणि गुरुजी “अय्यय्यो!” म्हणत चिखलात बसले. ताजा सापडलेला चष्मा पुन्हा चरात गेला.

पण गुरुजींनी माझ्यावर राग धरला नाही. त्याहून वाईट केलं, त्यांनी सल्ला दिला. “अप्पा, लोखंडात पाण्यानं गंज येतो. गंजानं पकड जाते. पितळेचा नट बसवा. पितळ कधी गंजत नाही.” इतकं शास्त्रशुद्ध बोलणं ऐकून मी पितळेचा नट मिळवला, या वेळी एमएमचा. पितळ गंजत नाही हे शंभर टक्के खरं आहे. ते मऊ असतं हे गुरुजींच्या धड्यात नव्हतं. आधीच्या झटापटीत आसाचे आटे खरबरीत झालेले, त्यात बत्तीस घरं दिवसभर हापसणारी. दुसऱ्या दिवशी दुपारी नट आटे गुळगुळीत होऊन बांगडीसारखा अलगद निघाला. मात्र गंज अजिबात नव्हता.

मग लोकशाही सुरू झाली. कॉलनीने ठरवलं की पान्याची भानगडच नको, दोन कान असलेला नट बसवावा, म्हणजे ढिला वाटला की कुणीही हाताने आवळू शकेल. तसा बसवला. त्यानंतर जो पाण्याला येई तो पुण्यकर्म म्हणून एक पीळ देऊन जाई. शंभर माणसं, शंभर पीळ. काहीजण डावखुरे होते, काहींना आवळायची बाजू कोणती ते नक्की ठाऊक नव्हतं. दीड दिवसात एक कान तुटला. दुसरा कुणाच्यातरी मुठीत घरी गेला.

आणि त्याच आठवड्यात टँकरही बिघडला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना मला रस्त्यात केवळाबाई दिसल्या. डोक्यावर दोन घागरी, काखेत कळशी. दोन किलोमीटरवर एका मळ्यातली विहीर होती, तिथून त्या दिवसातून तीन खेपा करत होत्या. चप्पल तुटलेली होती, ती पिशवीत घालून अनवाणी चालल्या होत्या. मला बघून थांबल्या. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “अप्पा, तुम्ही लई पळापळ करायलाव आमच्यासाठी. देव तुमचं भलं करो.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मरणाचा शरमलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि मी रुद्राणींना सगळं सांगून टाकलं. जादा नटासकट.

त्यांनी माझं तसंच राहिलेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, “गंजगोलाईच्या बाजारामागं सरजाबाई बसतात. नटबोल्टाची पोती घेऊन. आपल्या कुकरच्या दांड्याचा नट त्यांनीच दिला. त्यांच्याकडं जा. आन् जाऊन ऐकून घ्या. बोलू नका.”

भांडारपालाने पोत्यावर बसणाऱ्या बाईला नटाबद्दल विचारायचं, हे माझ्या मनाला लागलं. पण मन घेऊन पाणी भरता येत नाही. गेलो.

सरजाबाई साठीच्या होत्या. किडकिडीत, कपाळ मोकळं, नऊवारीचा काष्टा घट्ट. पुढे तेलाचे कापलेले डबे आणि प्रत्येक डब्यात वेगळी जात. मी बावीस वर्षांत इतकं नेटकं भांडार पाहिलं नव्हतं. एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाईक बोलत असतानाच त्यांचा हात न बघता नेमक्या डब्यात जाई. कमरेला लोखंडी कडी, कडीत लहानमोठे बोल्ट ओवलेले. नट हातात आला की त्या कडीतला एक बोल्ट धरत, नट एका बोटाने फिरवत आणि माप सांगत. एकदाही दुसरा बोल्ट धरावा लागला नाही.

मी म्हणालो, “हापशाला नट पाहिजे.”

“माप मागून बघू. काम काय करतो ते सांगा. जागी थंड असतो का हालतो?”

“हालतो. दिवसभर.”

“मंग साधा एकटा नट टिकत न्हाई. हालत्या जागी नट एकटा सोडू नये.” त्यांनी डबे पुढे सरकवले. “ह्यो चौकोनी. लाकडात बरा, गाडीला, वखराला. कोपरा रुतून बसतो. ह्यो टोपीवाला, बोल्टाचं टोक झाकायला, दिसायला देखणा. कामाला बेताचा. ह्यो बघा, आमच्या कंधारच्या किल्ल्यावाणी बुरूज हायेत ह्याला. बुरजाच्या खाचेतून पिन घालायची, मंग बैलं लावून वढलं तरी सुटत न्हाई. पर बोल्टाला भोक पायजे. तुमच्या आसाला हाय का भोक?”

“नाही.”

“मंग ह्यो. आत नायलॉनचं कडं हाय, आटे घट्ट धरून ठेवतंय. लई गुणाचा. पर एकदा काढला की पकड कमी होती. तुमच्या कॉलनीत न्हाई चालायचा, तिथं लोकं काढून काढून बघतात म्हणं.”

कीर्ती गोलाईपर्यंत पोचली होती. मी विचारलं, हे सगळं शिकलात कुठं? त्यांचे मालक नांदेडच्या मिलमध्ये फिटर होते. त्या डबा घेऊन जात आणि ते जेवेपर्यंत त्यांच्या पेटीतले नट जातवार लावून ठेवत. “मालक गेले. पेटी ऱ्हायली. मंग मी भंगारातून नट निवडाया बसले,” एवढंच त्या म्हणाल्या. पेटी पोत्याशेजारीच होती.

“आस आणा,” त्या म्हणाल्या. “आटे बघितल्याबिगर मी नट देत न्हाई.”

इथे माझा पाय पुन्हा नियमात अडकला. आस ही सरकारी वस्तू. ती आवाराबाहेर न्यायला पास लागतो. पास मी तयार करतो, पण साहेब सही करतात, आणि साहेब टंचाईच्या पाहणीसाठी दौऱ्यावर होते. मी हे त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग मीच येते की. मला आत यायला पास लागतो का?”

“नाही, माणसाला लागत नाही.”

“बरं झालं,” सरजाबाई म्हणाल्या आणि हसल्या. “म्हंजी सरकार मला नग समजत न्हाई.”

रविवारी बाराच्या उन्हात त्या पेटी डोक्यावर घेऊन आल्या. कॉलनी गोळा झाली. केवळाबाईंनी सवयीने विचारलं, “कुण्या गावच्या बाई तुम्ही? कुणापैकी?”

“कंधारच्या. आम्ही बुद्धाचे,” सरजाबाईंनी पेटी उघडता उघडता सांगितलं. केवळाबाई “बरं बरं” म्हणाल्या आणि पदर सारखा करून जरा मागे उभ्या राहिल्या.

सरजाबाईंनी आस बाहेर ओढला आणि आट्यांवरून नख फिरवलं. मग मान वर केली.

“हितं आधी सुती नट चढवलाय जबरीनं. बारा एमएमच्या आसावर. त्यानं आटे खाल्ले.” नख पुढे सरकलं. “आन् ही टोकाकडची जागा बघा. चकचकीत हाय, गंज न्हाई. म्हंजी हितं दुसरा नट होता, जोडीचा. त्यो होता तवर हापसा चालला. त्यो कुणी काढला?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, “चोरच असणार. भंगारवाले.” कुणी म्हणालं, पोरं. कुणी पलीकडच्या वस्तीकडे बोट दाखवलं. ते बोट बघितलं आणि माझ्याने राहवलं नाही.

“मी काढला,” मी म्हणालो. “मला तो जादा वाटला. मी तो कार्यालयात जमा केला.”

इतकी शांतता मी आमच्या कॉलनीत परीक्षेच्या दिवसांतसुद्धा ऐकली नव्हती. गुरुजींनी चरातून दुसऱ्यांदा मिळालेला चष्मा काढला आणि पुसायला लागले. केवळाबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या तळपायाला पट्टी बांधलेली होती. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तशीही ती दुष्काळाने जागोजागी दुभंगलेलीच होती, पण माझ्या मापाची भेग जवळपास दिसेना.

सरजाबाईंनीच ती शांतता मोडली. “कबूल केलं ना? मंग पुरं झालं. सायब, हिकडं या. उभं ऱ्हाऊन पाणी येत न्हाई.”

त्यांनी पेटीतून आटे पाडायची डाय काढली. आस दगडांत अडकवून मला धरायला लावला, आणि तेलाचे थेंब टाकत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशी ती डाय चालवली. घाई नाही, जोर नाही. लोखंडाचा बारीक काळा चुरा निघत राहिला आणि त्याखालून आटे असे स्वच्छ उगवत गेले की मी पाहतच राहिलो. मग जस्ताचा हात दिलेले दोन नट काढले. पहिला बोटाने फिरत फिरत जागेवर गेला. कुठे अडला नाही, कुठे डुगडुगला नाही.

“आता ह्यो पाना घ्या. पहिल्याला धरून ठेवा. कायबी झालं तरी हालू द्यायचा न्हाई. मी दुसरा त्याच्यावर आवळते. दोघं एकमेकाला रेटतात, म्हणून दोघंबी जागा सोडत न्हाईत.”

मी पाना धरला. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं जबाबदारीचं काम मला कुणी दिलं नव्हतं. घाम डोळ्यांत गेला तरी मी पापणी लववली नाही. त्यांनी दोन हातांनी एकच ओढ दिली. नटाला नट भिडला.

“हापसा आता.”

मी हापसायला लागलो. दहा वेळा, वीस वेळा. पाणी नाही. कॉलनी श्वास रोखून उभी. तीस. नुसता घशात अडकल्यासारखा आवाज. मागून गुरुजी हळूच म्हणाले, “मला वाटतं, मूळ दोष जमिनीखाली असावा.” सरजाबाई नटावर बोट ठेवून बसल्या होत्या, तो हलतो का ते बघत. “हापसत ऱ्हावा,” त्या म्हणाल्या. “इतक्या दिवसांचं खाली गेलेलं पाणी हाय. वर यायला येळ लागतो.” पन्नास. माझे खांदे भरून आले. साठाव्या की सत्तराव्या वेळेला दांडा जड झाला, हापसा खोकला आणि पाण्याची जाड धार तोटीतून बाहेर पडली.

बायका घागरी घेऊन धावल्या, पण धारेखाली पहिली घागर केवळाबाईंची लागली. कुणी हरकत घेतली नाही. घरात बाळंतीण होती, तो मान त्यांचाच होता. घागर काठोकाठ भरली. केवळाबाईंनी ती उचलली, आणि घराकडे वळायच्या ऐवजी सरजाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

सरजाबाईंचे हात कोपरापर्यंत तेलाने आणि चुऱ्याने काळे झाले होते.

“हात पुढं करा, बाई,” केवळाबाई म्हणाल्या.

“अवो नको, मातीनं पुसते की. एवढं पाणी...”

“पुढं करा.”

सरजाबाईंनी हात पुढे केले. केवळाबाईंनी घागर तिरकी केली आणि त्या हातांवर पाणी ओतलं. चमचाभर नाही, ओंजळभर नाही. आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला असं पाचपाच वेळा वापरणारी माणसं. त्या दिवशी सगळी कॉलनी रिकाम्या घागरी घेऊन उभी होती आणि भरलेली पहिली घागर तळापर्यंत एका बाईच्या हातांवर रिकामी होत होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

सरजाबाई अर्ध्यात म्हणाल्या, “बास, बास. निघालं सगळं.”

“निघू द्या अजून,” केवळाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघताच ओरडल्या, “अप्पा, थांबलाव कामून? हापसा!”

मी हापसत राहिलो.